तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

"तुम्ही दोघी भांडलात का?" खारूनं विचारलं तेव्हा आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर रस्ता ओलांडायला उभ्या होतो. तिच्या कपाळावर चंद्राचा रुपेरी रंग तसाच होता, पुठ्ठ्याचा चंद्र माझ्या काखेत होता, आणि सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी माझे पाय हलले नाहीत. दोघी म्हणजे मी आणि ती. मी खारूची आई. तीही खारूची आई. तिनं खारूला जन्म दिला आणि खारू अगदी तान्ही असताना दत्तक संस्थेच्या एका खोलीत स्वतःच्या हातांनी माझ्या हातात दिली. नाव लपवून, मागचं दार लावून घेऊन केलेलं ते काम नव्हतं. ती कोण हे मला ठाऊक, मी कुठे राहते हे तिला ठाऊक, आणि खारूला तर बोलायला यायच्या आधीपासून सगळंच ठाऊक. मला ती आई म्हणते आणि तिला पोटआई. हा शब्द आम्ही कुणी शिकवला नाही. कुणाच्या पोटात होतीस आणि कुणाच्या घरात आलीस, एवढं सांगितल्यावर तिनंच एक दिवस जेवता जेवता तो पाडला आणि पुढचा घास घेतला. "नाही गं, भांडू कशाला?" मी म्हटलं. "मग दोन्ही खुर्च्या रिकाम्या का होत्या?" ती सिग्नलकडे बघत म्हणाली. "शेजारच्या बाईंनी एकीवर पर्स ठेवली. मग थोड्या वेळानं दुसरीवर छत्री."

एक खुर्ची रिकामी असणार हे मला माहीत होतं, कारण ती माझी होती. दुसरीचं काय झालं ते मला कळेना. शाळेनं नाटकासाठी प्रत्येक मुलाला दोन पास दिले होते. आमच्या घरात तिघी, मी, खारू आणि माझी आई. माझं लग्न जमलं नाही आणि पुढे जमवावंसंही वाटलं नाही. आईनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मला गुडघे आहेत, मला पास नको." मग खारूनं दोन्ही पासांचा निकाल स्वतःच लावला आणि बाईंच्या मागे लागून तिसऱ्या रांगेतल्या शेजारशेजारच्या खुर्च्या मिळवल्या, कारण चंद्र उगवतो तिथून तिसरी रांग नाकासमोर येते हे तिनं तालमीत हेरून ठेवलं होतं. नाटकात तिला एकच वाक्य होतं. "मी उगवले बरं का! आता गोंगाट बंद!" ते ती कितीतरी दिवस घरभर म्हणत होती, पलंगावरून, बाथरूममधून, तोंडात ब्रश धरून. आणि मी तिच्या बुटाची नाडी बांधताना मनाशी ठरवलं की आपण आत जायचं नाही. पोटआईशेजारी मी असले की तिला मोकळं होता येत नाही. हसायच्या आधी ती माझ्याकडे बघते. खारूनं काही दाखवलं तर "आईला दाखवलंस का?" म्हणते. टाळ्यासुद्धा ती माझी टाळी पडल्यावरच वाजवते, इतके दिवस बघतेय मी. एकदा तरी तिला आपली पोर एकटीनं, पोटभर बघू दे. म्हणून मी बाजूच्या दाराबाहेर थांबले, काचेतून बघत. तिथून रंगमंच दिसतो, पण मधल्या खांबामुळे तिसरी रांग दिसत नाही. आपण केवढं मोठं मन केलं या विचारानं त्या थंडगार व्हरांड्यात मला चांगलं ऊबदार वाटत होतं. खारू उगवली. तिचं वाक्य घरच्यापेक्षा हळू आलं, अर्ध्यात पडलं आणि मग कसंबसं पुरं झालं. घाबरली असेल, असं म्हणून मी दाराबाहेर टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर माझ्या आईनं सगळं ऐकून घेतलं. खारू तोंड धुवायला गेली तशी म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी." एवढंच. ती जास्त बोलत नाही, आणि जे बोलते ते निघता निघत नाही, सदऱ्याला लागलेल्या डिंकासारखं. मी चिडले. पाहुणी काय म्हणतेस माझ्या लेकीला, असं म्हणणार होते, पण तेवढ्यात खारू तोंड पुसत बाहेर आली. मोठं संकट पुढेच होतं. सकाळी वेणी घालताना खारू आरशातल्या माझ्याशी बोलावं तशी बोलली, "पुढच्या वर्षी मी पासच घेणार नाही. ज्यांना जास्त माणसं आहेत त्यांना देईन." मी म्हटलं, "अगं, पण आम्ही येऊ ना!" तर म्हणे, "असू दे. आणि पोटआईला सांग, बागेत मला भेटायला नाही आली तरी चालेल. म्हणजे मग तुला बरं वाटेल आणि तिलाही बरं वाटेल." चेहरा अगदी शहाणा, समजूतदार. ते बोलणं मला ओळखीचं वाटलं, आणि क्षणभरानं कळलं की ते माझंच होतं. माझं आणि तिचं. मला नको, तुम्ही घ्या. असू दे, चालेल. नऊ वर्षं ही पोर आमच्या मधोमध उभी राहून हे ऐकत आली होती, आणि आता तीही आपली खुर्ची सोडायला शिकली होती. दुसरं काहीही शिकली असती तर मी इतकी घाबरले नसते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत डोळे तपासून नंबर काढायचा, पुढे काउंटरवर फ्रेम बसवायची, दोन्ही माझ्याकडेच. फ्रेम बसवणं हे खरं माझं आवडतं काम. माणूस समोर खुर्चीत बसतो, आपण त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतो, आणि एवढं जवळ येऊनही कुणाला काही वाटत नाही. चेहऱ्यावरून माणसं ओळखायला लोकांना वर्षं लागतात, मी कानांवरून ओळखते. सरळ रेषेत असलेले कान मी अजून पाहिलेले नाहीत. कुणाचा एक खाली, कुणाचा एक मागे, आणि प्रत्येकाला वाटतं की दोष फ्रेमचा आहे. "ताई, चष्मा वाकडा आहे," म्हणतात. मी म्हणते, "हो, करते सरळ," आणि त्यांच्या वाकडेपणाप्रमाणे काडी वाकवून देते, म्हणजे मग तो सरळ बसतो. त्या सकाळी एका गृहस्थांची काडी गरम हवेपुढे धरली आणि धरूनच ठेवली. प्लास्टिकचा वास आला तेव्हा भानावर आले. डोक्यात बाग होती. खारू तेव्हा अगदी लहान होती, घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर धिटाई करायला गेली आणि खाली मातीत पडली. आम्ही दोघी बाकावरून एकदम उठून धावलो. आणि तिच्यापासून दोन पावलांवर एकदम थांबलो. मला वाटलं, आज तिचा दिवस आहे, तिला उचलू दे. तिला वाटलं, आई समोर असताना आपण कोण? खारू मातीत बसून भोकाड पसरतेय आणि आम्ही एकमेकींना हातानं "तुम्ही, तुम्ही", "तू, तू" करतोय. शेवटी फुगे घेऊन चाललेल्या एका माणसानं तिला उचललं आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की विचारू नका. त्या दिवशी आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते आता मला आठवेना.

संस्थेतल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं, "हे नातं म्हणजे दोन घरांच्या मधलं दार समजा. उघडं ठेवायचं, पण टकटक करून यायचं." मी मान डोलावली. त्या खोलीत मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती, बाळ समोर होतं ना. खारूची पोटआई माझ्यासमोर बसली होती, स्वतःच पोर, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. मी ऐकून होते की अशा वेळी मुली रडतात. ती रडली नाही. ती मला शिकवत होती. "ढेकर काढताना उजव्या खांद्यावर घ्या, डाव्यावर घेतलं की रडते." मी उजव्या खांद्यावर घेतलं आणि बाळानं खरंच मोठा ढेकर दिला, म्हाताऱ्या माणसासारखा. आम्ही तिघी हसलो, समुपदेशक बाईसुद्धा. मग ती म्हणाली, "ती मला ओळखेल ना?" ते मला विचारलं होतं की बाईंना, कोण जाणे, पण उत्तर मी दिलं. मी म्हटलं, "ओळखेल. शब्द देते." पुढे मी शब्द पाळला, तिनंही पाळला. आधी फोटो, मग दोन-तीन महिन्यांतून एकदा बाग, वाढदिवसाला फोन. पण टकटक करण्याचं आम्ही दोघींनी इतकं मनावर घेतलं की आत येऊन बसणं राहूनच गेलं. ती आता मोबाईल दुरुस्त करते, एका बोळातल्या अरुंद दुकानात, डोळ्यांपुढे दिवा आणि चिमट्यात तांदळाएवढा स्क्रू. माझा फोन तीच दुरुस्त करते. मी तिच्या दुकानात कितीदा गेलेय. ती माझ्या दुकानात कधी आली नव्हती.

आणि त्याच दुपारी ती आली. गिऱ्हाईक नसण्याची वेळ होती, मालक जेवायला गेले होते. काचेचं दार थोडंसं ढकलून, फटीतूनच तिनं विचारलं, "येऊ का, ताई?" बघा, दुकानातसुद्धा टकटक. काउंटरसमोर दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीच्या काठावर ती बसली, बॅग मांडीवर, कुठल्याही क्षणी उठता येईल अशी. मी पाणी दिलं. ते तिनं न पिता हातात धरलं. "मी ठरवून आलेय," ती म्हणाली. "आता काही वर्षं मी नको. काल मी खुर्चीत नव्हते, माझ्यामुळे तिचा विरस झाला. ती मोठी झाली, तिला वाटलं, तर येईन मी. तोवर तुम्ही दोघी सुखानं राहा." मला पहिल्यांदा काय वाटलं? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पाठीवरचं ओझं कुणी क्षणभर उचलून धरावं तसं वाटलं. आता बाग नाही, बागेच्या आदल्या दिवशीची माझी तगमग नाही, खारूचं हसू कुणासारखं म्हणून आरशात बघणं नाही. एक मुलगी, एक आई, सगळं कसं सुटसुटीत. आणि लगेच मला सकाळचा आरसा दिसला, त्यातला तो शहाणा चेहरा. म्हणजे तुला बरं वाटेल आणि तिलाही बरं वाटेल. बरोबर ओळखलं होतं की पोरीनं! मला माझीच इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे बघितलं, आणि दुसरीकडे बघताना दिसलं की तीही दुसरीकडे बघतेय. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता ती बघत होती, डावा डोळा बारीक करून, मान किंचित कलती करून.

"डोकं कधीपासून दुखतं तुझं?" मी विचारलं. ती दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं? थोडंसंच. संध्याकाळी." मी म्हटलं, "ऊठ. आत चल." ती म्हणाली, "अहो ताई, मी कशाला आलेय आणि तुम्ही..." मी म्हटलं, "तू कशाला आलीस ते ऐकलं मी. डोळे तपासायला काय हरकत आहे?" खरं म्हणजे मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि जाऊ नकोस असं म्हणता येत नव्हतं. तिला मागच्या खोलीत बसवलं, दिवा बंद केला. तपासणीची ती जड, गोल फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालत, काढत, विचारत गेले, "आधीचं बरं की आत्ताचं?" दिवसभर मी हेच विचारते. लोकांना हा प्रश्न फार अवघड जातो. चुकीचं उत्तर दिलं तर नापास होऊ असं वाटतं त्यांना. ती तर प्रत्येक वेळी माझा अंदाज घेत होती. "तुम्हाला कुठलं बरं वाटतं?" मी म्हटलं, "बाई गं, डोळे तुझे आहेत! निदान इथे तरी स्वतःचं सांग." ती थोडी हसली. त्या अंधारात बोलणं सोपं जातं, हा माझा जुना अनुभव आहे. माणूस समोरच्या उजळलेल्या अक्षरांकडे बघत असतो आणि तोंडातून भलतंच निघतं. "मी आले होते काल," ती अक्षरांकडे बघत म्हणाली. "पास घेऊन फाटकापर्यंत आले. तिथे एक बाई उभ्या होत्या, सगळ्यांना विचारत होत्या, आपण मुलीच्या कोण? पुढचे सगळे पटापट सांगत होते, आई, बाबा, काका. माझा नंबर आला आणि मला काही म्हणता येईना. पोटआई असं सांगणार का त्यांना? मावशी म्हणायचं मनात आलं, पण तिला कळलं असतं तर? मागे रांग खोळंबली. मी म्हटलं, चुकून आले, आणि बाजूला झाले. मग मागच्या बाजूच्या खिडकीतून बघितलं. वाटलं, ताई आहेत ना आत, तिला कुणीतरी आहे."

माझ्या हातात भिंग तसंच राहिलं. "खिडकीतून?" मी म्हटलं. "म्हणजे सायकली लावतात त्या बाजूनं?" "हो." "मी बाजूच्या दारात होते," मी म्हटलं. "बाहेर. मी आत गेलेच नाही. म्हटलं, तू एकटीनं बघ." ती फ्रेमसकट माझ्याकडे वळली, एका डोळ्यावर भिंग, दुसऱ्यावर काळी चकती, आणि चेहऱ्यावर असं काही की मला हसूच फुटलं. तीही हसायला लागली. एक खिडकीत, एक दारात, आणि आत आमच्या जागेवर कुणाची तरी पर्स आणि छत्री. हसता हसता ती थांबली, आणि त्या काळ्या चकतीखालून पाणी ओघळून फ्रेमच्या कडेला जमा झालं. मी चकती काढली, रुमाल दिला. "बघा ना," ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते. मी नसले तर तुम्ही तरी आत बसाल." मी म्हटलं, "तसं तर मीही म्हणू शकते. मी नसते तर तू मावशी म्हणून बसली असतीस. आपण दोघी एकमेकींना वाट देत देत घराबाहेर जाणार, आणि ती म्हणणार, चालेल, असू दे. म्हणायला लागलीय ती. आज सकाळीच म्हणाली." आणि खारू काय म्हणाली ते मी तिला शब्दन् शब्द सांगितलं.  मग माझ्या तोंडून एक वाक्य निघालं, जे मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तू येत जा. तिच्यासाठी ये, ते तर आहेच. पण मलाही तू हवी आहेस. तिला ताप आला की जगात एकच माणूस आहे ज्याच्या पोटात माझ्याइतकंच कालवतं. ते माणूस मी कसं घालवू?" तिनं तक्त्याकडे तोंड वळवलं, पाठ सरळ केली आणि नाक ओढून म्हणाली, "विचारा पुढचं."

मी भिंग फिरवलं. "हे बरं की हे?" ती खूप वेळ बघत राहिली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न वळता म्हणाली, "दोन्ही सारखंच दिसतंय." असं उत्तर आलं की आमच्या कामात थांबायचं असतं, तोच नंबर. सिलिंडरचा, म्हणजे काच ठरावीक कोनात वळवून बसवायचा नंबर निघाला, खारूच्या चष्म्यासारखाच. हे कळल्यावर ती एकदम खजील झाली. "माझ्याकडून गेला का तिच्याकडे?" मी म्हटलं, "गेला असेल. गोष्टी ऐकताना अंगठा कानामागे घासायची सवयही तुझ्याकडूनच गेलीय, तीही परत करू का?" तिनं कानामागचा अंगठा पटकन खाली घेतला. काच दुकानात होती. मी मागे यंत्रावर ती घासून घेतली, फ्रेमही मीच निवडली, पातळ, तपकिरी. ती म्हणत होती, कुठलीही चालेल, आणि मी म्हटलं, चालेल हा शब्द आजपासून बंद. मग काउंटरवर तिला समोर बसवलं. फ्रेम गरम हवेपुढे धरली, डाव्या काडीचं टोक थोडं मागे घेऊन वाकवलं, काडी मुळाशी किंचित वर उचलली, आणि तिच्या चेहऱ्यावर चढवली. बसली. नाकावर सरळ, कानांमागे कुठे टोचणं नाही, हलणं नाही. एका दमात अशी कुणाचीच बसत नाही. दोन-तीनदा तरी चढवून, उतरवून, डोळ्यांच्या रेषेत बघून घ्यावं लागतं. मी तर आधी तिच्या कानांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. माझे हात तसेच तिच्या गालांपाशी राहिले. "झालं एवढ्यात?" ती म्हणाली. मी म्हटलं, "खारूचा डावा कान वर आहे. थोडा मागेही आहे. तिचा चष्मा दर महिन्याला मीच नीट करते. हात आपोआप गेला." तिनं हात वर नेला आणि स्वतःचा डावा कान चाचपून पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. इतक्या वर्षांत तिला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मलाही ते आत्ताच कळलं होतं. मी तिचा चेहरा कधी हातात घेतला नव्हता, तरी माझ्या हातांना तो पाठ होता. मी ते हात लगेच काढून घेतले नाहीत, आणि तिनंही मान मागे घेतली नाही.

शाळा सुटल्यावर खारू दुकानातच येते, माझ्या आईच्या गुडघ्यांमुळे तशी सोय केलेली आहे. ती यायची वेळ झाली तशी ही उठायला लागली. "मी निघते, तिला आवडेल की नाही..." मी म्हटलं, "बस." आणि मी काउंटरच्या मागून निघाले. नऊ वर्षं या दुकानात आहे पण गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मी कधी बसलेले नाही. दुसऱ्या खुर्चीत, तिच्याशेजारी बसले. इथून दुकान वेगळंच दिसतं, सगळ्या भिंतींवरच्या फ्रेमा आपल्याकडे बघताहेत असं वाटतं. मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी फाटकावर विचारलं ना, की आई म्हणायचं." "आणि तुम्ही?" "मीही आई म्हणेन. दोन पास, दोन आया. त्यांना हिशेब जमत नसेल तर त्यांनी बसून सोडवावा." ती हसली, आणि तेवढ्यात दार उघडलं. खारू दारातच थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग तिच्या नव्या चष्म्याकडे, आणि मग खाली, खुर्च्यांकडे. दप्तराचा पट्टा तिनं घट्ट धरला होता. कुणी मेलंय का, असं विचारते की काय, असा चेहरा. मी म्हटलं, "चंद्र उगवणार आहे असं ऐकलं. आम्ही जागा धरून बसलोय." "इथे?" खारू म्हणाली. "पण पुठ्ठा घरी आहे." "पुठ्ठ्यावाचून उगव," पोटआई म्हणाली. काल मी खिडकीतून बघितलं आणि आई दारातून, हेही तिनंच सांगितलं, आणि वर म्हणाली, "आम्ही वेड्यासारखं केलं." खारूनं ते ऐकून घेतलं. तिचा विश्वास बसला की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. आज्जीची नात आहे, लगेच काही दाखवत नाही.

मग तिनं दप्तर खाली ठेवलं, दोघींच्या समोर, जागा मोजून घेतल्यासारखी उभी राहिली आणि म्हणाली, "आधी गोंगाट करा. गोंगाट नसला तर मी बंद काय करू?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. गोंगाट! आम्हाला दोघींना एकमेकींसमोर साधं खोकायची सवय नाही. मी बारीक आवाजात "ला ला ला" असं काहीतरी केलं. खारूनं कपाळावर हात मारला. "असा नाही! भांडलात तरी चालेल." आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी शेजारी वळून म्हटलं, "तिला सर्दी होती तरी तू तिला आइस्क्रीम दिलंस!" ती चमकली. तिचे ओठ नेहमीप्रमाणे "चुकलं हं, ताई" म्हणायला हलले. पण तिनं चष्मा नाकावर नीट केला, एक श्वास घेतला आणि केवढ्यानं तरी म्हणाली, "आणि तुम्ही तिचे केस किती घट्ट बांधता! कपाळ ताणलेलं असतं पोरीचं! किती वर्षांपासून सांगायचंय मला!" "मग सांगितलं का नाहीस?" "तुम्ही विचारलंत का कधी?" "आणि बागेतून तू तिला कधी वेळेवर निघू देत नाहीस!" "तीच म्हणते अजून एक झोका!" आमचे आवाज इतके चढले की दारात आलेले एक आजोबा, दुरुस्तीला टाकलेला चष्मा न्यायला आले होते, तिथेच घाबरून उभे राहिले. म्हातारा माणूस, हातात काठी. आम्ही दोघी तत्क्षणी गप्प झालो, एकदम उठलो, आणि दोघींनी एकाच वेळी आपापली खुर्ची पुढे केली. "या, इथे बसा." "नाही, इथे बसा."

"बसा!" खारू ओरडली. आजोबा बिचारे बसायला निघाले. "तुम्ही नाही, आजोबा, तुम्ही एक मिनिट थांबा. या दोघी! कुणीच उठायचं नाही!" तिचा आवाज कापत होता आणि डोळे भरले होते, आणि तो आवाज अजिबात समजूतदार नव्हता. आम्ही बसलो. आजोबा काठीवर रेलले आणि मान डोलावून म्हणाले, "बसा बसा, मला काही घाई नाही." खारूनं नाक पुसलं, चष्मा सारखा केला, तिसऱ्या रांगेकडे बघावं तसं आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघितलं. दोन्ही हात डोक्यावर गोल धरले. "मी उगवले बरं का!" ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की काचेचं दार थरथरलं. "आता गोंगाट बंद!" दुकान अगदी चूप झालं. मी हात उचलले, आणि ते एकमेकांना लागायच्या आत शेजारून टाळी पडली.